फलकांचा खर्च कोण मोजतो?

महोदय,

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) आली की म्हापशापासून मडगावपर्यंत सर्वच पक्षांच्या इच्छुकांचे शुभेच्छाफलक झळकतात. उमेदवाराचा खर्च मोजतात तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचाच. त्याआधीची प्रतिमाबांधणी विधानसभा उमेदवाराच्या २८ लाखांच्या मर्यादेबाहेर राहते. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही!

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीआधी काँग्रेस उमेदवारांनी देऊळ, चर्च, दर्ग्यात निष्ठेच्या शपथा घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला विलीनीकरण दाखवावे लागते; त्याला दोन-तृतीयांश आमदार, म्हणजे नेमके आठच लागत होते. ही मतदारांची उघड फसवणूक होती आणि घेणारा पक्षही तितकाच दोषी.

मतदारांनी फलकाऐवजी उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ मधील शपथपत्र वाचावे: मालमत्ता, कर्ज, प्रलंबित खटले. विद्यमान आमदाराने विधानसभेत कोणते प्रश्न विचारले, तेही तपासावे.

— एक मतदार, फोंडा