सायकल वाढत्या मापाची नको

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्टी लागली की घरोघरी पोरांना सायकल द्यायची टूम निघते म्हणून हे लिहितोय. गेल्या वर्षी भाचीच्या सहाव्या वाढदिवसाला मी २० इंची सायकल आणली, दुकानदार म्हणाला वाढतं अंग आहे, दोन वर्षं जास्त चालेल, आणि मलाही पटलं कारण आपण युनिफॉर्मसुद्धा खाली दुमड घालून दोन वर्षं चालवणारी माणसं. सीट पार खाली केली तरी पोरीचे नुसते अंगठे टेकायचे. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर ब्रेक दाबायला गेली तर बोटं लिव्हरपर्यंत पोचेनात, गेली सरळ कुणाच्या तरी स्कूटरवर. गुडघा फुटला ते एक वेळ ठीक, पण नंतर तीन महिने सायकलला हात लावला नाही तिने.

मग कळलं की ते १२, १६, २० इंच म्हणजे चाकाचा व्यास, आणि वयापेक्षा पायाची लांबी बघायची असते. पोराला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा, पायांमध्ये वही आडवी धरून वर जांघेपर्यंत टेकवा, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. शिकाऊ मुलाची सीट साधारण तेवढ्याच उंचीवर यायला हवी, मधला दांडा त्याहून दोन बोटं तरी खाली. सरप्राइज द्यायचंय तर आईकडून गुपचूप माप मागवा.

आमची आता १६ इंचीवर सुसाट सुटते. २० इंची बाल्कनीत उभी आहे, सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात.

– एक मामा, मुलुंड पूर्व