विमानाचं दार कुठे आहे? मा. मुरलीधर मोहोळ यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली

साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र इंदूरहून लिहितोय आणि मराठीतून लिहितोय. मंत्रालयात मराठी वाचणारा माणूस बसलेला असताना हिंदीत अर्ज करून तो आवक-जावकच्या ढिगात घालवायचा, हे मनाला पटेना. आमचं घराणं होळकरांच्या चाकरीत इकडे आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, ओट्यावर मालवी. मी मात्र आयुष्य विमानतळांवरच्या अग्निशमन दलात काढलं. ठिकठिकाणी बदल्या झाल्या, आणि आता सुदामा नगरातल्या घरी सकाळचे पोहे निवांत खातो. तरीही बिजासनच्या टेकडीवरून विमान खाली उतरताना दिसलं की नजर आधी त्याच्या दारांवर जाते. खोड आहे, जाणार नाही.

या खोडीमागची गोष्ट सांगतो. विमानतळाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी त्यांना जमेल तेवढं केलं होतं. लहान विमानतळ, वर्षानुवर्षं येणारं विमान एकच, पंख्यांचं एटीआर. एटीआरला प्रवाशांचं दार मागे, डाव्या बाजूला. पुढे डावीकडे जे मोठं दार दिसतं ते सामानाचं. आमच्या पोरांच्या पायांना हे इतकं पाठ झालं होतं की झोपेतून उठवलं तरी शिडी घेऊन मागेच धावतील. मग तिथे ५० आसनी जेट यायला लागलं, एम्ब्रेअर १४५. पहिल्या दिवशी आम्हाला ते ‘दाखवलं’. बारा मिनिटं. प्रवासी उतरले आणि नवे चढायचे होते, एवढ्या मधल्या वेळात. हात लावू नका, उशीर होईल, असं तिथला माणूस दोनदा म्हणाला. आम्ही देवळात प्रदक्षिणा घालावी तशी एक फेरी मारून परत आलो. बरं, ही फेरीसुद्धा एकाच शिफ्टच्या वाट्याला आली. बाकीच्यांसाठी वॉच रूमच्या भिंतीवर विमानाचा तक्ता लावला. मूळ तक्ता रंगीत, त्याची झेरॉक्स काळी. दारं एका रंगात, ऑक्सिजन दुसऱ्या, बॅटरी तिसऱ्या रंगात दाखवली होती. झेरॉक्समध्ये सगळेच ठिपके सारखे काळे.

काही महिन्यांनी एका सकाळी टॉवरचा भोंगा वाजला. फुल इमर्जन्सी, केबिनमध्ये धूर. तेच जेट. ते नीट उतरलं आणि रनवेवरच थांबलं. आमच्या दोन्ही गाड्या वेळेत पोचल्या, मॉनिटर म्हणजे गाडीवरच्या फोमच्या तोफा रोखल्या गेल्या. त्या शिफ्टमधला एक पोरगा, चांगला चपळ, दलात येऊन तीन वर्षं झालेला, शिडी घेऊन धावला तो सरळ मागे, डाव्या बाजूला. एम्ब्रेअर १४५ ला तिथे दार नाही. तिथे इंजिन आहे. या विमानाची दोन्ही इंजिनं शेपटीजवळ, धडाला चिकटलेली असतात, आणि डावं अजून फिरत होतं. मी त्याचा पट्टा मागून धरून ओढला तेव्हा इंजिनाच्या तोंडापासून तो किती लांब होता, हे मी आजवर त्याच्या घरच्यांना सांगितलेलं नाही. दार पुढून उघडलं, पायऱ्या त्या दारातच असतात, प्रवासी चालत खाली आले. धूर एसीच्या नळीतला निघाला. अहवालात एक ओळ आली: प्रतिसाद समाधानकारक.

साहेब, त्या पोराची चूक नव्हती. डोक्याने विचार करायला वेळ नसतो तेव्हा माणूस हातापायांच्या सवयीने वागतो. आपण तालमीतून आलेले आहात. पुस्तकात धोबीपछाड वाचून कुणी आखाड्यात उतरत नाही, हे मी आपल्याला काय सांगावं!

आता नियमांकडे येतो, कारण दिल्लीतून उत्तर येईल ते ‘नियमानुसार सर्व व्यवस्था आहे’ असंच येईल. आणि ते खोटंही नसेल. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे विमानतळाच्या अग्निशमन व्यवस्थेची श्रेणी ठरते ती विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून. एटीआर ७२ सत्तावीस मीटरच्या आसपास, म्हणून श्रेणी ५. एम्ब्रेअर १४५ जवळपास ३० मीटर, एम्ब्रेअर १७५ साडेएकतीसच्या वर आणि एअरबस ए३२० साडेसदतीस मीटर. हे तिन्ही श्रेणी ६ मध्ये. श्रेणी ६ ला नेहमीच्या बी दर्जाच्या फोमसाठी ७,९०० लिटर पाणी आणि दोन गाड्या. गाडी रनवेच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांत पोचली पाहिजे, शक्यतो दोन मिनिटांत. हे सगळं मोजता येतं, म्हणून तपासलं जातं. मोठं विमान कमी फेऱ्या करत असेल, म्हणजे सर्वांत गर्दीच्या सलग तीन महिन्यांत ७०० हून कमी चढउतार असतील, तर एक श्रेणी खाली राहायचीही मुभा आहे. लहान गावांच्या विमानतळांना ती लागू पडते.

पण ए३२० आणि एम्ब्रेअर १७५ एकाच श्रेणीत बसले म्हणजे एकसारखे झाले का? ए३२० च्या पंखांवर दोन्ही बाजूंना आणीबाणीच्या खिडक्या आहेत. १७५ च्या पंखांवर एकही नाही. चार दारं, दोन पुढे, दोन मागे, संपलं. ए३२० ची सवय असलेला माणूस अंधारात, फेसात, १७५ च्या पंखावर चढून खिडकी चाचपत बसला तर त्याला ती सापडायची नाही, कारण ती नाहीच. १४५ च्या पंखांवर मात्र एकेक आहे. बाहेरून दार उघडल्यावर प्रवाशांना उतरवणारी हवेची घसरगुंडी आपोआप निकामी होते की झपकन फुगून उघडणाऱ्यालाच खाली फेकते, हेही प्रत्येक विमानाचं वेगळं. ए३२० मध्ये ती निकामी होते. जुन्या बोईंग ७३७ मध्ये तसं नाही. एटीआरचा पंखा स्थिर दिसला म्हणजे इंजिन बंद, असं समजणाऱ्याने तर जपूनच राहावं. त्या विमानाला वेगळं छोटं जनरेटर-इंजिन नसतं, म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालूच ठेवतात.

आत शिरणं हे आणखी वेगळं प्रकरण. १४५ मध्ये डावीकडे एक खुर्ची, उजवीकडे दोन, मधली वाट अरुंद, छत जेमतेम सहा फूट. पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासाच्या हवेची टाकी, डोक्यावर हेल्मेट. सरळ चालता येत नाही, तिरकं व्हावं लागतं. आणि तिरकं होऊन शुद्ध हरपलेल्या माणसाला ओढत आणायचं, हे आधी एकदा करून पाहिल्याशिवाय जमत नाही. सरावासाठी आमच्याकडे जो लोखंडी सांगाडा असायचा, त्याचं दार गोठ्याच्या दारासारखं ढकललं की उघडायचं. आग खरी, फोम खरा, दार खोटं.

याची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे. १९ ऑगस्ट १९८० ला रियाधला सौदियाचं ट्रायस्टार विमान मालडब्यातल्या आगीमुळे माघारी वळलं आणि सुखरूप उतरलं. मोडलं नाही, घसरलं नाही. पण आतून दारं उघडली गेली नाहीत, आणि बाहेरच्यांना ती उघडेनात. इंजिनं बंद झाल्यानंतर सुमारे २३ मिनिटांनी एक दार उघडलं. आतले ३०१ च्या ३०१ गेले होते. या धंद्यात आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगतात. सांगून झाल्यावर त्याला खऱ्या विमानाचं दार उघडू देतात, असं मात्र मी क्वचितच पाहिलं.

२०१७ मध्ये उडान योजनेचं पहिलं विमान उडालं, त्यानंतर लहान गावं नकाशावर आली. त्याबद्दल तक्रार कुणाची असेल? बेळगावहून इंदूरला २०२० साली ५० आसनी जेट आलं तेव्हा आमच्या ओळखीतली एक आजी लेकीकडे पहिल्यांदा विमानाने गेली. पण जिथे काल पंख्यांचं विमान येत होतं तिथे उद्या ७६ आसनी जेट येतं, वेळापत्रक बदलतं, कंपनी बदलते, आणि फायर स्टेशनला कळतं ते विमान दिसल्यावर.

म्हणून मागणं एवढंच. नव्या प्रकारचं विमान कोणत्याही विमानतळावर नियमित सुरू होण्याआधी तिथल्या तिन्ही शिफ्टच्या प्रत्येक माणसाने त्याची सगळी दारं बाहेरून स्वतःच्या हाताने उघडलेली असावीत. नुसती पाहिलेली चालणार नाहीत. त्याची नोंद माणसाच्या नावाने व्हावी, शिफ्टच्या नावाने नाही, आणि ती वर्षातून एकदा ताजी व्हावी. तपासणीला येणाऱ्याने पाण्याची टाकी मोजतो तशी ही वहीसुद्धा उघडून पाहावी. तक्ते रंगीत छापावेत. (हा खर्च सरकारला झेपेल.)

कंपन्या नाही म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. घसरगुंडी चुकून फुगली तर विमान जमिनीवर अडकतं आणि ती पुन्हा घडी करून बसवायला पैसे पडतात. म्हणून हे काम दिवसाच्या धावपळीत करूच नये. विमान जिथे रात्रीच्या मुक्कामाला असतं तिथे कंपनीचा एक इंजिनिअर घसरगुंड्या निकामी करून शेजारी उभा राहिला की दोन तासांत एक शिफ्ट होते. तीन रात्री, तीन शिफ्ट. जिथे विमान मुक्कामी नसतं तिथल्या माणसांना जवळच्या मोठ्या विमानतळावर पाठवायचं. परवानगीचं ओझं मात्र स्टेशनच्या इन्चार्जवर टाकू नका. तो कंपनीच्या मॅनेजरपुढे हात जोडत राहतो आणि बारा मिनिटं मिळवून येतो.

आणखी एक. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला विमान रनवे ओलांडून खाली कोसळलं, २१ जण गेले. कप्तान दीपक साठे हे मराठी नाव तेव्हा घराघरांत पोचलं. त्या रात्री भर पावसात आजूबाजूचे गावकरी मदतीला धावले होते. विमान रनवे सोडून कुंपणापर्यंत गेलं की असंच होतं. आमच्या इंदूरला कुंपणाला लागून शहर वाढलंय. तेव्हा त्या तीन रात्रींपैकी एका रात्री शहराच्या फायर ब्रिगेडची आणि १०८ रुग्णवाहिकेची चार-चार माणसं बोलवा. दोन वर्षांतून एकदा जी मोठी मॉक ड्रिल होते तिथे विमानाच्या जागी बस उभी केलेली मी पाहिली आहे. बसचं दार कुठे असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मी ज्याला मागे ओढलं तो पोरगा आता दुसऱ्या विमानतळावर शिफ्टचा प्रमुख आहे. परवा त्याचा फोन आला होता. पुढच्या महिन्यापासून त्यांच्याकडे नवं जेट येतंय. मी विचारलं, बघायला मिळालं का? म्हणाला, पीडीएफ आलीय काका, व्हॉट्सअ‍ॅपवर.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त विमानतळ अग्निशमन कर्मचारी,
सुदामा नगर, इंदूर