सोन्याला हॉलमार्क आहे, आमच्या खोट्या दागिन्यांचं काय? ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

साहेब, नमस्कार. खोट्या दागिन्यांतल्या निकेल नावाच्या धातूने कातडीला जी ॲलर्जी होते, तिच्याबद्दल हे पत्र आहे.

मी भांडुपला राहते, फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, रोज सीएसएमटीची स्लो लोकल पकडते. माझं लग्नातलं मंगळसूत्र लॉकरमध्ये आहे. आमच्या लेडीज डब्यात बघाल तर दहातल्या नऊ जणींच्या गळ्यात खोटंच असतं, कारण गर्दीत साखळी ओढली जायची भीती, आणि आता तोळा लाखाच्या वर गेल्यावर नवीन करायचं कोण मनात आणतंय. म्हणून दीडशे-दोनशेचं एक ग्रॅमवालं मंगळसूत्र घ्यायचं, काळं पडलं की दुसरं घ्यायचं, असं माझं वर्षानुवर्षं चालू होतं.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मानेला मागे खाज सुटायला लागली. आधी वाटलं घामोळं आहे, पावडर लावली. मग लाल चट्टे, बारीक पाण्याचे फोड, रात्री झोपेत खाजवून उशीच्या अभ्र्याला रक्त लागायचं. केमिस्टने बघितलं आणि म्हणाला गजकर्ण आहे, ट्यूब दिली. ट्यूब लावली की दोन दिवसांत गायब, बंद केली की परत, असं जवळजवळ वर्षभर, आणि नंतर कळलं की त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, त्याने कातडी पातळ झाली आणि मानेवर काळपट पट्टा उठला तो अजून गेलेला नाही. ऑफिसात केस वर बांधायचं मी सोडून दिलं होतं. मुंबईच्या उकाड्यात केस मोकळे सोडून बसणं काय असतं ते इथल्या बाईला विचारा.

शेवटी स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या छोट्या छोट्या चकत्या चिकटवल्या, पॅच टेस्ट म्हणतात त्याला, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. ४८ तासांनी काढल्या आणि परत दोन दिवसांनी बघितलं. बाकी सगळं साफ होतं, फक्त निकेलच्या जागी लाल सुजलेला गोल. डॉक्टर म्हणाल्या, हे इन्फेक्शन नाही, मंगळसूत्राच्या मानेमागच्या क्लिपवर तुमचा घाम बसला की त्यातून निकेल सुटतं, कातडीत शिरतं आणि तुमचं शरीर त्याला शत्रू समजतं. रिॲक्शन लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, म्हणून बायकांना कळतच नाही कशामुळे झालं. लग्नाला शनिवारी सेट घातला, खाज सोमवारी उठली, मग दोष लग्नातल्या जेवणाला. आणि एकदा ही ॲलर्जी जडली की साधारण आयुष्यभर राहते, तेव्हा औषधापेक्षा त्या धातूपासून लांब राहणं हाच उपाय. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बेंबीखाली जीन्सच्या बटणाच्या जागी आणि मनगटावर घड्याळाच्या बकलाखाली जे व्हायचं तेही हेच.

आता लांब राहायचं म्हणजे मंगळसूत्र काढायचं. हे लिहायला सोपं आहे. घरी कसं सांगायचं या विचारात मी आठवडा काढला. सांगितलं तेव्हा सासूबाई गप्प बसल्या, मग म्हणाल्या, अगं मलाही खोटं कधी चाललं नाही, कान पिकायचे, पू यायचा, पण घालायचे, काय करणार. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारातून काळे मणी आणून दोऱ्यात पोत ओवली, त्यात माझ्या सोन्याच्या दोन वाट्या घातल्या. ती आजही माझ्या गळ्यात आहे. साहेब, "मला खोटं चालत नाही" हे वाक्य आपल्याकडे आज्या, आया, मावश्या पिढ्यान्पिढ्या बोलत आल्यात. नाव माहीत नसलं तरी आजार त्यांनी बरोबर ओळखला होता. ज्यांना जमलं त्यांनी सोनं घातलं, ज्यांना नाही जमलं त्यांनी कान चिघळू दिले.

त्यानंतर मी हट्टाने माहिती काढली. पिवळ्या पॉलिशच्या दागिन्यात खाली पितळ किंवा तांबं असतं, त्यावर बऱ्याचदा निकेलचा चकचकीत थर देतात आणि मग वर सोन्याचं अगदी पातळ पाणी. घामाने, पर्फ्यूमने ते पाणी उडालं की निकेल थेट कातडीला. आणि नवरात्रीत पोरी हौसेने जर्मन सिल्व्हर घालतात ना, त्यात चांदीचा कणसुद्धा नसतो, तो तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू आहे. नावात सिल्व्हर, म्हणून घेणारीला वाटतं चांदीच्या जवळचं काहीतरी असेल. हे दुकानात कोणी सांगत नाही. मी दादरला, भुलेश्वरला, ट्रेनमधल्या विकणाऱ्या बायकांकडेही विचारलं, सगळीकडे उत्तर एकच, "ताई बिनधास्त घ्या, स्किन फ्रेंडली आहे". काही पाकिटांवर तसं छापलेलंही होतं, पण कोणी तपासलं, कशाने तपासलं, काही नाही. एकदा डॉक्टरांकडे जाताना मी घरातली खोट्या दागिन्यांची सगळी डबीच घेऊन गेले. त्यांच्याकडे एक टेस्ट असते, डायमिथाइलग्लायॉक्झिम नावाचं केमिकल कापसाच्या काडीवर घेऊन दागिन्यावर घासायचं, निकेल सुटत असेल तर काडी गुलाबी होते. चौदापैकी नऊ जिनसांना काडी गुलाबी झाली, आणि त्यातल्या दोन पाकिटांवर स्किन फ्रेंडली लिहिलेलं होतं.

साहेब, तुमच्याच खात्याने सोन्याला हॉलमार्क सक्तीचा केला, जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने, आणि १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतःच्या वेगळ्या नंबराशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही, ॲपवर नंबर टाकला की खरं-खोटं कळतं. चांगलंच काम झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांनाही आयएसआय मार्क लागतो. म्हणजे लाखाचं सोनं घेणाऱ्या बाईचे पैसे बुडू नयेत याची सोय आहे, लहान मुलाच्या हातातल्या गाडीची सोय आहे. पण पन्नास रुपयांचे कानातले घालणाऱ्या मुलीच्या कातडीची काळजी करणारं कुठलंच मार्क मला त्या पाकिटावर दिसत नाही. आणि तेच दागिने जास्त खपतात.

युरोपात डेन्मार्कने १९९० च्या आसपास निकेलवर नियम आणला, १९९४ ला युरोपियन युनियनने निर्देश काढला. नियमाची रीत मला फार आवडली. धातूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून किती सुटतं ते मोजतात. कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये, आणि कान-नाक टोचल्यावर छिद्रात जी काडी जाते तिला अजून कडक, ०.२. हे शहाणपणाचं आहे, कारण सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतं पण ते घट्ट धरून ठेवतं, फार सुटत नाही. डेन्मार्कमध्ये नियमानंतर कान टोचलेल्या मुलींमध्ये ही ॲलर्जी आधीच्यांपेक्षा कमी झाली. आपल्या मुंबईत तर वर्षातले बहुतेक महिने अंग घामाने चिकट, इथे याची गरज तिकडच्यापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं.

माझी पहिली मागणी टोचायच्या काडीचीच. बहुतेकींना ही ॲलर्जी तिथूनच जडते, ताज्या जखमेत धातू आठवडेच्या आठवडे बसून राहतो. पूर्वी बारशानंतर सोनार घरी येऊन सोन्याच्या तारेने कान टोचायचा, त्यात तरी हे टळायचं. आता पार्लरमध्ये, दुकानात गनने टोचतात आणि जो स्टड असेल तो घालतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिचे कान मी अजून टोचले नाहीत, ती रोज मागे लागते. मी सोन्याचे घेईन, मला एवढं परवडेल. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंच्या मुलीचं काय करायचं ते सांगा. तेव्हा निदान टोचायचे स्टड आधी सक्तीच्या तपासणीखाली आणा, मग मंगळसूत्राच्या साखळ्या, घड्याळाची बकलं, जीन्सची बटणं. आणि तपासल्याशिवाय "स्किन फ्रेंडली" छापायला बंदी घाला, हे तर उद्यासुद्धा करता येईल.

कोणी म्हणेल याने इमिटेशनवाले मरतील. मला त्यांची काळजी आहे, आमच्या ओळखीतल्या दोघी-तिघी मालाडच्या कारखान्यांचं खडे चिकटवायचं काम घरी आणून करतात, त्यांच्या हाताचं काम जावं असं मी कशाला म्हणेन. पण युरोपला माल पाठवायचा तर हा नियम पाळावाच लागतो, म्हणजे आपल्या कारागिरांना जमत नाही असं नाही. निकेलऐवजी तांबं आणि कथिलाचा थर देता येतो. छोट्या प्लेटिंगवाल्याला प्रत्येक नगाची टेस्ट परवडणार नाही, तर एका वेळी पॉलिश केलेल्या मालातून एकेक नमुना घ्या, सरकारी लॅबमध्ये फी कमी ठेवा, बदलायला वर्ष-दोन वर्षं द्या. खडे चिकटवणाऱ्या त्या बायकाही दिवसभर हाच धातू बोटांनी हाताळतात, हेही नियम करताना ध्यानात असू द्या.

ती चौदा जिनसांची डबी मी टाकलेली नाही. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून ठेवलीय, कुठून घेतलं, किती रुपयांना, काडी गुलाबी झाली की नाही. तुमच्या खात्यातलं कोणी बघणार असेल तर मी एक दिवस रजा टाकून स्वतः घेऊन येईन.

आपली,
भांडुपची एक नोकरदार बाई