भाची माडावर चढायचं म्हणते, तर

प्रिय सखी,

तुझं पत्र पोचलं. भाचीला माडावर चढायचं प्रशिक्षण घ्यायचंय, दादा-वहिनी तो विषयच काढू देत नाहीत, आणि तुझाही जीव खालीवर होतोय. "तू रोज चढतेस, तूच खरं काय ते सांग," असं लिहिलंस. फोनवर हो किंवा नाही म्हणून मोकळी झाले असते, पण या कामाबद्दल मला मनापासून वाटतं ते दोन वाक्यांत मावणारं नाही.

आधी धोक्याचं बोलू. वहिनींची भीती खोटी नाही. आपल्याकडचा बाणवली जातीचा उंच माड पंधरा-वीस मीटर सहज जातो. तिथून पडलेला माणूस उठून घरी चालत येत नाही. माडावरून पडून जन्मभर अंथरुणाला खिळलेली माणसं आपण दोघींनी लहानपणी पाहिली आहेत. ते सगळे पुरुष होते, पिढ्यान्‌पिढ्या चढणाऱ्या घरांतले होते आणि चढण्यात पटाईत होते. त्यांच्या पायात दोरीचं कडं, कमरेला कोयती आणि खोडावर पाय रोवायला पाडलेल्या खाचा असायच्या. पट्टा नाही, विमा नाही, खाली कोणी उभं नाही. म्हणजे बाई पडेल आणि पुरुष पडणार नाही, असा काही नियम नाही. कशाच्या आधाराने चढतोस, हाच प्रश्न आहे.

भाची शिकेल ते यंत्रावर. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने बनवलेलं यंत्र त्या गावाच्या नावानेच ओळखलं जातं. त्याचे डावा आणि उजवा असे दोन सुटे भाग असतात. प्रत्येक भागाला पाय ठेवायची जागा, वर हाताची मूठ आणि खोडाभोवती घालायचा तारेचा दोर असतो. पायावर भार दिला की दोर खोडाला आवळून बसतो. भार काढून मूठ वर उचलली की सैल होतो. एक पाय, मग दुसरा पाय, असं जिना चढल्यासारखं वर जायचं. शरीराचं वजन दोर पेलतो, चढण मांड्यांवर येते. दंडाची ताकद लागते ती कोयती चालवायला, आणि ती विळा-कोयती धरून वाढलेल्या कुठल्याही बाईकडे असते. बसून चढायचं यंत्रही आहे. ते हळू चालतं पण जास्त स्थिर वाटतं. उंचीला बिचकणाऱ्यांनी त्याच्यावर सुरुवात करावी, असं माझं मत.

ताकदीचा मुद्दा दादांनी काढला असेलच. त्यांना एक विचार. असोला, म्हणजे न सोललेला नारळ किलो-सव्वा किलोचा भरतो. पाडलेले नारळ पाटीत भरून डोक्यावरून वाडीतून घरापर्यंत कोण आणतं? ढीग कोण लावतं, झावळ्या ओढून कोण नेतं, झाप कोण विणतं, हीर काढून केरसुण्या कोण बांधतं? माडाचं जमिनीवरचं सगळं काम बायकांचं, आणि तिथे त्यांच्या ताकदीची चौकशी कधी कोणी केली नाही. माडावरचं काम तेवढं पुरुषांचं, कारण मजुरी तिथे जास्त मिळते. हे मी रागाने लिहितेय असं वाटलं तर वाटू दे, राग आहेच.

आता यंत्राचा खरा धोका सांगते, कारण तो वहिनींना कोणी सांगितलेला नसेल आणि भाचीला माहीत असायलाच हवा. या यंत्रात पाय अडकवलेले असतात. वर तोल गेला तर माणूस सरळ खाली येत नाही, पाय यंत्रात अडकून डोकं खाली असा लटकतो. केरळात असे लटकलेले लोक अग्निशमन दलाने उतरवल्याच्या घटना पुन्हा पुन्हा झाल्या आहेत. म्हणून कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने या यंत्रासाठी वेगळी सुरक्षा जोडणी तयार केली. खोडाभोवती जाणारा पट्टा अंगावरच्या पट्ट्याला जोडलेला राहिला, तर हात सुटला तरी माणूस उलटा होत नाही. पट्टा लावायला मिनिट जातं. माडामागे पैसे मिळत असल्यामुळे ते मिनिट वाचवायचा मोह होतो, आणि अपघात त्या मिनिटात होतात.

माझे नियम मी कुणासाठी मोडत नाही. एकटीने कधी चढत नाही. खाली माणूस हवा, त्याच्याकडे दोर हवा आणि त्याला तो वापरता यायला हवा. विजेची तार झावळ्यांजवळून जात असेल तर मालक कितीही म्हणोत, तो माड तसाच राहतो. पावसाने खोड शेवाळलं असेल तर दुसऱ्या दिवशी. शेंड्याला पोचल्यावर सुकलेल्या झावळीला हात घालायचा नाही, ती देठासकट सुटून हातात येते. वर गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, ते खालूनच नीट बघून घ्यायचं. हे सगळं पाळलं तर काम धोक्याचं राहतंच, पण अंदाज घेता येईल एवढ्या धोक्याचं. मासे पकडायला समुद्रात जाणाऱ्या घरच्या मुलांना आपण जसं जाऊ देतो, तितकं तरी तिला जाऊ द्यायला हरकत नसावी.

माडावर चढणं आपल्याकडे भंडाऱ्यांचं, गोव्यात रेंदेर आणि पाडेली यांचं, केरळात तिय्यांचं काम मानलं गेलं. जातीने बांधलेलं आणि म्हणून कमी लेखलेलं. त्या घरांतली मुलं शिकली, मुंबईला गेली, आखातात गेली, आणि बापाचं काम नको म्हणाली. त्यांचं चुकलं असं कोणी म्हणू नये. जिवाची जोखीम, वर अपमान, हातात तुटपुंजे पैसे, कशाला करतील? पण मग वाड्यांमधले नारळ वरच सुकून पडायला लागले. केरळात तर ही टंचाई एवढी वाढली की नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाने प्रशिक्षण सुरू केलं. सहा दिवस, यंत्रावर चढणं, माडाची निगा, रोग-किडींची ओळख आणि सोबत अपघात विमा. त्यात बायकाही शिकल्या, आणि ज्या गावांत बाईने माडावर चढणं अशुभ मानत, तिथेच त्यांना बोलावणी येऊ लागली. अशुभाच्या समजुती गरजेपुढे किती पटकन गळून पडतात, ते मी इथेही पाहिलंय. एका वाडीत म्हातारबुवा मला म्हणाले होते, बाई चढली की माड वांझ होतो. नारळी पौर्णिमेच्या आधी गडी मिळेना तेव्हा त्यांनीच निरोप धाडला. मी गेले, माड पाडून दिले, आणि दर आधी ठरवून घेतला.

लोक बघतात, हे वहिनींच्या मनात सलत असणार. बघतात. सुरुवातीला रस्त्यावर थांबून बघतात. लुगडं नेसून हे काम होत नाही. पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत जाड कापड. नाहीतर खोडाने कोपर आणि मांड्या सोलवटतात. मला स्वतःला बघणाऱ्यांपेक्षा पट्ट्याचा त्रास जास्त झाला. बाजारात मिळणारे बहुतेक पट्टे पुरुषांच्या मापाचे. कमरेला घट्ट केले तर छातीवर काचतात, छातीवर सैल केले तर कमरेवरून वर सरकतात, आणि सरकणारा पट्टा म्हणजे नसलेला पट्टा. भाचीला सांग, पट्टा अंगावर चढवून, त्यात लोंबकळून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. दुसरी अडचण लघवीला जाण्याची. वाडी मोठी असली की सकाळपासून दुपारपर्यंत सोय नसते, बायका पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात वर चक्कर येते. हे कुठल्याच पुस्तिकेत मी वाचलेलं नाही. मी मालकिणीला आधीच सांगते, तुमच्या घरातलं न्हाणीघर लागेल. पाळीच्या दिवसांत चढायचं की नाही हे मी माझ्या पोटाला विचारते, दुसऱ्या कुणाला नाही.

आणि आता जे मला सगळ्यांत आवडतं ते. वर गेल्यावर माड समजतो. खालून आपल्याला फक्त नारळ दिसतात. माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा. म्हणजे वरून खाली बघत आलं की वर्षभराचे महिने ओळीने लागलेले दिसतात. नुकती उमललेली पोय, मग सुपारीएवढी बोंडं, मग शहाळी, आणि खाली अकरा-बारा महिन्यांचा तयार घड. कुठला कापायचा आणि कुठला पुढच्या फेरीला ठेवायचा, ते तिथे बसून ठरतं. शहाळ्याचा घड टाकायचा नाही, दोराने खाली सोडायचा. झावळ्या त्रिकोणी कातरल्यासारख्या दिसल्या की गेंड्या भुंगा आत शिरलाय. त्याला तारेच्या आकड्याने ओढून काढायचा आणि बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरायची. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की माड गेला, बाजूने दुसरी फांदी फुटत नाही.

खाचांचंही तसंच. आंब्याच्या सालीवरची जखम भरून येते, माडाची कधीच येत नाही, कारण त्याच्या खोडात नवी साल धरणारा थरच नसतो. खाच पाडली की ती माडाच्या आयुष्यभराची. तिथे पाणी मुरतं, आणि जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा अंडी घालायला येतो. तो आत खोड पोखरतो आणि बाहेर तांबूस रस गळायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. यंत्र खाच पाडत नाही. तुमच्या वाडीतल्या जुन्या माडांवरच्या खाचा एकदा जवळून बघ.

म्हणून भाचीने फक्त नारळ पाडायला शिकू नये. शेंडा साफ करणं, कीड ओळखणं, पावसाळ्याआधी बुरशीवरचं बोर्डो मिश्रण मारणं, हे सगळं शिकावं. पाडायला दीड-दोन महिन्यांनी बोलावतात, निगा राखणाऱ्याला वर्षभर बोलावतात. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात संकरासाठी परागीकरणही माडावर चढूनच केलं जातं. पोयीतली नरफुलं काढून टाकायची, मादीफुलं पिशवीत झाकायची, ठरलेल्या दिवशी पराग शिंपडायचे. हे फार नाजूक, चिकाटीचं काम आहे, आणि तिचा हात तसा आहे, मी तिला रांगोळी काढताना पाहिलंय.

पैशाचं बोलायला लाजू नये, हे तिला माझ्यातर्फे बजावून सांग. बाई चढते म्हणून गावात कौतुक होतं, सत्कारात शाल-श्रीफळ मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस म्हणतो, गड्याला देतो त्यापेक्षा थोडं कमी घ्या. मी तिथून यंत्र उचलून निघते. माडाची उंची बाईसाठी कमी होत नाही. मला कौतुक कमी मिळालं तरी चालेल, दर पुरा हवा. एकीने कमी दरात चढायचं कबूल केलं की पंचक्रोशीत सगळ्यांचा दर पडतो, म्हणून आम्ही चढणाऱ्याजणी एकमेकींना दर विचारून घेतो.

दादांना सांग, प्रशिक्षणाला पाठवण्याआधी मी स्वतः येते. तुमच्या वाडीतल्या विहिरीकडचा बुटका माड आहे ना, त्यावर तिला पट्टा बांधून यंत्रावर उभी करते, चार हात उंचीवर. दादा खाली दोर धरतील. तिला नको वाटलं तर तिथेच उतरेल, आणि मग कोणीच तिला पाठवू नका. हवं वाटलं तर प्रशिक्षणासाठी आधार कार्ड, फोटो आणि डॉक्टरांचा दाखला लागेल. विम्याचे कागद तिने स्वतः वाचावेत आणि दर वर्षी नूतनीकरण करावं, कारण मुदत संपलेली बऱ्याचजणींच्या ध्यानातच येत नाही.

नवरात्रानंतर पाऊस ओसरला की कळव. बुधवार सोडून कुठलाही दिवस चालेल, बुधवारी मी खाडीपलीकडच्या वाडीत असते. वहिनींना नमस्कार सांग, आणि त्या दिवशी त्यांनीही वाडीत यावं.

तुझीच