सूचना : बुधवारी बीपी-शुगर तपासणी

मंडळीहो, बुधवारी सकाळी उपकेंद्रात तपासणी आहे, पन्नाशीवरच्या समद्यांनी या, अन् जे रानडुकरांपायी जागलीला जातात किंवा रातच्या लाइनीवर ओलीत करतात त्यांनी तर चुकवूच नका. काहून का विलायतेतल्या सरकारी नोकरदारांवरचा मोठा अभ्यास २०२२ मधी छापून आला, पन्नाशीत ५ तास किंवा कमी झोपणाऱ्यांले ७ तासवाल्यांपेक्षा एकाहून जास्त जुनाट आजार जडायचा धोका ३० टक्के जास्त दिसला. झोपेनंच झालं असं त्यातून सिद्ध होत नाही म्हणा, पण बीपी पाहाले काय जाते? घोरताना मधीच श्वास अटकत असन तर डॉक्टरले सांगा (आपल्याले समजत नाही, घरच्यायले विचारा). झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नका. जुनी फाइल आणा, अन् उपाशीपोटी या, चहाबी नाही.