छाटलेला पाला गोठ्यात पोहोचू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की ठाण्यात जागोजागी फांद्यांची छाटणी सुरू होते. परवा कळव्यात आमच्या इमारतीसमोर सुबाभळीच्या फांद्यांचा छातीएवढा ढीग पडला होता. संध्याकाळी तो कचऱ्याच्या गाडीत गेला. मला ते पाहवेना. मुरबाडला माझ्या भावाच्या गोठ्यात त्याच दिवशी दोन म्हशी नुसता भाताचा पेंढा चघळत होत्या.

पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के. कोठीपोटातले (जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू एवढ्यावर नीट वाढत नाहीत आणि ते वाढले नाहीत तर पेंढासुद्धा पचत नाही. पोट भरलेले दिसते, पण जनावर खंगत जाते. सुबाभळीचा पाला वाळवून मोजला तर त्यात हेच प्रमाण २० ते २५ टक्के भरते. शेवगा आणि गिरिपुष्पही त्याच तोडीचे. असा पाला थोडा जरी मिळाला तरी पेंढा अंगी लागतो. वड, उंबर, फणस तेवढे कसदार नाहीत, पण गवत करपून गेलेले असताना त्यांची पाने हिरवी असतात आणि शेळ्या ती आवडीने खातात.

सरसकट सगळा पाला मात्र चालणार नाही. कण्हेर विषारी, तिची एक डहाळीही ढिगात नको. सुबाभळीत मिमोसिन नावाचे अपायकारक द्रव्य असते. एकूण चाऱ्यात ती ३० टक्क्यांच्या वर गेली तर जनावराचे केस गळतात, गळ्याची ग्रंथी सुजते. गिरिपुष्पाच्या वासाने जनावरे आधी तोंड फिरवतात. मागे एकदा भावाने तो पाला अर्धा दिवस सुकवून पेंढ्यात मिसळला, तेव्हा चौथ्या दिवशी म्हशींनी गव्हाण चाटून साफ केली.

माझी कळकळीची विनंती आहे, की छाटणीच्या वेळी झाडे ओळखणारा एक माणूस सोबत असावा आणि सुबाभूळ, वड, उंबराच्या फांद्या वेगळ्या ठेवाव्यात. औषध फवारलेली झाडे वगळावीत. छाटणीचा दिवस आधी कळला तर जवळपासचे तबेलेवाले येतील, शहापूर-मुरबाडहून भाजी घेऊन आलेले टेम्पोही रिकामे परतणार नाहीत. भाऊ म्हणतो, टेम्पोचे भाडे मी भरतो, पाला कुठून उचलायचा तेवढे सांगा.

– एक वाचक, कळवा (ठाणे)