येर्क्सची मोठी दुर्बीण

विल्यम्स बे, विस्कॉन्सिन

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, दुर्बिणीची एवढी लांब नळी एका खांबावर तोलतात कशी? तेव्हा घाईत होते, म्हणून आता निवांत लिहिते.

येर्क्स वेधशाळा जिनिव्हा सरोवराच्या काठी आहे. जॉर्ज एलरी हेल या तरुण खगोलशास्त्रज्ञाने शिकागोतल्या ट्रॅमच्या धंद्यातले बडे धनी चार्ल्स येर्क्स यांच्याकडून पैसे मिळवले आणि १८९७ मध्ये शिकागो विद्यापीठाची ही वेधशाळा उभी राहिली. बाहेरून एखाद्या राजवाड्यासारखी दिसते, पण तुम्हाला रस आत आहे.

घुमटाखाली शिरलं की मान आपोआप वर जाते. नळी साठ फुटांहून लांब आहे आणि तिच्या वरच्या टोकाला ४० इंची, म्हणजे १०२ सेंटिमीटर व्यासाचं भिंग बसवलंय. संशोधनासाठी वापरलेली यापेक्षा मोठी भिंगाची दुर्बीण जगात झालीच नाही. तोलाचं म्हणाल तर नळी साधारण मध्यावर धरलेली आहे आणि दोन्ही बाजूंचं वजन इतकं चोख जुळवलंय की माणसाने हाताने ढकलली तरी ती फिरते. खांबावरचा मुख्य आस ध्रुवाकडे रोखलेला. इथे ध्रुवतारा ४२ अंशांवर, आपल्याकडच्यापेक्षा दुपटीहून जास्त उंच, म्हणून आसही तेवढाच कललेला. पृथ्वी फिरते तसा घड्याळासारखी यंत्रणा हा आस उलट दिशेने सावकाश फिरवते आणि तारा नजरेसमोरून हलत नाही.

नळी वर-खाली झाली की डोळा लावायचं टोकही बरंच वर-खाली जातं. मग बघणाऱ्याने काय शिडीवर चढायचं? त्यांनी सबंध जमीनच लिफ्टसारखी केली! ७५ फूट व्यासाची लाकडी फरशी २३ फूट उचलता येईल अशी. मे १८९७ मध्ये तिला उचलणाऱ्या तारा तुटून ती खाली कोसळली होती. सुदैवाने तेव्हा वर कोणी नव्हतं.

संशोधनासाठी यापेक्षा मोठी भिंगाची दुर्बीण पुढे का केली नाही, हे तिथे उभं राहिल्यावर नीट कळतं. आरशाच्या दुर्बिणीत आरशाला मागून आधार देता येतो. भिंगातून प्रकाश आरपार जायचा, म्हणून ते फक्त कडेने धरायचं. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन प्रकारच्या काचेच्या दोन भिंगांची ही जोडी दोनशे किलोच्या वर भरते. काच त्याहून मोठी घेतली तर स्वतःच्याच वजनाने वाकते, शिवाय जाड होते आणि प्रकाश गिळते. हेललाही ते उमगलं होतं. पुढे माउंट विल्सनवर त्याने ६० इंची आणि १०० इंची दुर्बिणी केल्या, त्या आरशांच्या.

माझा पाय मात्र रेंगाळला तो काचेच्या फोटो-प्लेटांपाशी. दीड लाखाहून जास्त आहेत! ताऱ्यांचे ठिपके काळे, आकाश पांढुरकं, कडेला शाईने लिहिलेले बारीक आकडे. इथल्याच बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये अशाच जुन्या-नव्या प्लेटा ताडून पाहिल्या आणि एक मंद तारा जागचा सरकलेला त्याला सापडला. पावणेदोनशे वर्षांत पूर्णचंद्राच्या रुंदीएवढं अंतर, आणि आकाशात सरकण्याचा हा वेग ताऱ्यांमध्ये सर्वांत जास्त! अशी चिकाटी पाहिली की ऊर भरून येतो.

आणि बाबा, आपले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर! १९३७ मध्ये ते इथे आले आणि १९६४ पर्यंत पत्नी ललिताबाईंसह याच गावात राहिले. लाहोरात जन्म, मद्रासला शिक्षण, पुढे केंब्रिज. श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असू शकत नाही, या त्यांच्या निष्कर्षाची १९३५ मध्ये लंडनमध्ये एडिंग्टन या नामवंत इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत टिंगल केली होती. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये. या प्रचंड दुर्बिणीच्या सावलीत त्यांचं काम चाललं ते कागद-पेन्सिलीने, आणि तरी ते इथल्या कुणाहून कमी दूरवर पोचलं नाही. त्यांच्या वाटेवरून चालताना मला फार अभिमान वाटला.

२०१८ मध्ये विद्यापीठाने वेधशाळा बंद केली होती. आता एक संस्था ती जपते आणि लोकांना आत सोडते. तुम्ही दोघं याल तेव्हा जाऊच. मात्र आईला सांगा, स्वेटर आणि शाल सामानात वरच ठेव. गरम हवेने प्रतिमा थरथरते, म्हणून घुमट तापवत नाहीत. फोटो दादाच्या नंबरवर पाठवलेत, ते मोठ्या पडद्यावर बघा, म्हणजे दातेरी चाकं नीट दिसतील.

आईला सा. न., दादाला परीक्षेसाठी शुभेच्छा.

तुमची,
थोरली